सबस्ट्रेटची संहती आणि विकराचा वेग: बटाट्याच्या रसावर करावयाचा प्रयोग

मराठी माध्यमातून दहावी उत्तीर्ण होऊन बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या एखाद्या पदवीपूर्व महाविद्यालयात विज्ञान शाखेला आलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिल्याच वर्षी जीवशास्त्रात एक आलेख येतो. त्याच्या आडव्या अक्षावर सबस्ट्रेटची संहती असते, उभ्या अक्षावर अभिक्रियेचा वेग असतो, आणि आरंभबिंदूपासून झपाट्याने चढून पुढे हळूहळू आडवी होत जाणारी एक वक्ररेषा त्यावर काढलेली असते. परीक्षेत ती रेषा काढून दाखवली की गुण मिळतात, म्हणून बहुतेक विद्यार्थी ती पाठ करतात. ती तशीच का वळते, हे मात्र त्यांना स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही. माझ्या अनुभवात यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे ती रेषा स्वतः मोजलेल्या आकड्यांतून उमटवणे. त्यासाठी बटाटा, औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइड, काचेची चार भांडी आणि एक पूर्ण सकाळ एवढे पुरते.

आधी शब्दांचा उलगडा करू, कारण आपल्या भागात तीन भाषांतील संज्ञा एकाच वर्गात ऐकू येतात. इंग्रजीतील एंझाइमला आपण मराठीत विकर म्हणतो, तर कन्नडमध्ये त्यालाच ‘किण्व’ म्हणतात. मराठी विद्यार्थ्याला ‘किण्वन’ हा शब्द आंबवण्याच्या क्रियेसाठी ठाऊक असल्याने येथे हमखास घोटाळा होतो. दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतातील ‘किण्व’ म्हणजे आंबवण हेच आहे, आणि १८७० च्या दशकात विल्हेल्म क्यूने यांनी रूढ केलेल्या ‘एंझाइम’ या शब्दाचा ग्रीक अर्थही ‘यीस्टमधील’ असाच आहे. त्यामुळे हा घोटाळा विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा नसून शब्दांच्या नात्याचा आहे. विकर ज्या पदार्थावर काम करते तो सबस्ट्रेट. ठरावीक आकारमानाच्या द्रावणात तो किती आहे ती त्याची संहती, आणि ठरावीक वेळात त्याचे किती रूपांतर होते तो अभिक्रियेचा वेग.

रेषा का वळते

चिकोडी, अथणी, निपाणीच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या मुलांना मी हे साखर कारखान्याच्या गव्हाणीवरून समजावतो. मोळी पडून गळीत हंगाम सुरू होतो, तेव्हा पहिल्या दिवसांत ऊस कमी येतो. जेवढा येतो तेवढा गव्हाणीत पडतो आणि गाळला जातो, म्हणून ट्रॉल्या दुप्पट आल्या की गाळपही दुप्पट होते. पुढे कारखान्याचे आवार ट्रॅक्टरांनी भरून जाते, तेव्हा आणखी शंभर ट्रॉल्या रांगेला लागल्या तरी दिवसाचे गाळप वाढत नाही, कारण आता अडसर उसाचा नसून यंत्राच्या क्षमतेचा असतो. विकराच्या रेणूवर सबस्ट्रेट जोडला जाण्याची जी सक्रिय जागा असते तिचे असेच आहे. द्रावणात विकराचे रेणू मोजकेच असतात. सबस्ट्रेट विरळ असताना बहुतेक जागा रिकाम्या राहतात, आणि तो दाट झाला की जवळजवळ सगळ्या जागा सतत व्यापलेल्या राहतात.

या तुलनेची एक मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे. ट्रॉल्या रांगेने येतात, म्हणून कारखान्याच्या बाबतीत आलेख सरळ चढून एका क्षणी एकदम आडवा होईल, त्याला कोपरा पडेल. द्रावणातील रेणू मात्र रांगेत उभे नसतात. ते वेडेवाकडे फिरत, योगायोगाने सक्रिय जागेवर येऊन धडकतात. त्यामुळे संहती बरीच वाढवली तरी कोणत्याही क्षणी काही जागा रिकाम्या असतातच, आणि रेषेला कोपरा न पडता ती संथपणे वळत जाते. हा संथपणा पुढे आकडे काढताना फार महत्त्वाचा ठरतो.

या वळणाला सूत्रात बांधण्याचे काम ज्या विकरावर झाले ते आपल्या भागाला परके नाही. उसातील साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे विभाजन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावर व्हिक्टर हेन्री यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी काम केले, आणि त्याच विकरावर लिओनोर मिकेलिस व मॉड मेंटेन यांनी बर्लिनमध्ये केलेला अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. साखरेचे द्रावण ध्रुवित प्रकाशाला उजवीकडे वळवते आणि विभाजन झाल्यावर तेच द्रावण त्याला डावीकडे वळवू लागते. हा बदल त्यांनी पोलरीमीटरने मोजला. याच जातीच्या उपकरणावर आजही साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातील साखरेचे प्रमाण, काढला जातो. तोडून ठेवलेला शिळा ऊस गुऱ्हाळावर आणला तर गूळ नीट बसत नाही, चिकट राहतो, यामागेही साखरेचे हेच विभाजन असते. मिकेलिस आणि मेंटेन यांचे सूत्र शब्दांत असे मांडता येते: वेग म्हणजे कमाल वेगाला संहतीने गुणून, त्या गुणाकाराला मिकेलिस स्थिरांक आणि संहती यांच्या बेरजेने भागल्यावर येणारी संख्या. कमाल वेगाला पुस्तकात व्हीमॅक्स आणि स्थिरांकाला केएम म्हटलेले असते. ज्या संहतीला वेग कमाल वेगाच्या बरोबर निम्मा होतो ती संहती म्हणजे केएम. हेच सूत्र अधिक व्यापक गृहीतकावर उभे करण्याचे काम १९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांनी केले. यांतील हॉल्डेन म्हणजे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तलेले जे. बी. एस. हॉल्डेन.

रस आणि द्रावणे तयार करणे

बटाट्यात कॅटालेज नावाचे विकर असते. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विभाजन करते, आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन मोजता येतो, म्हणून हे विकर शिकण्यासाठी सोयीचे आहे. बाजारात जवारी बटाटाही मिळतो आणि इंदूर-आग्र्याकडचाही येतो. कोणताही चालेल, परंतु संपूर्ण प्रयोगाला एकाच वेळी आणलेला, एकाच जातीचा, घट्ट आणि कोंब न फुटलेला बटाटा वापरावा.

साल काढलेला १०० ग्रॅम बटाटा चिरून १०० मिलिलिटर थंडगार डिस्टिल्ड वॉटरबरोबर मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवावा, मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळावा आणि रस लगेच बर्फाच्या भांड्यात ठेवावा. रस तपकिरी होऊ लागला तर घाबरू नये. तो रंग बटाट्यातील दुसऱ्याच एका विकरामुळे येतो. मात्र रस त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांत वापरून संपवावा. एके वर्षी आमच्या एका गटाने अर्धी वाचने सकाळी घेतली आणि उरलेली जेवणानंतर, आणि मधल्या वेळात रसाचे भांडे टेबलावरच राहिले. त्यांच्या आलेखाचे सरळसरळ दोन तुकडे पडले होते. मुलांनी संहती बदलली होती खरी, पण नकळत विकरही बदलले होते.

औषधाच्या दुकानातील बाटलीवर बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ एक मिलिलिटर द्रावणापासून प्रमाण तापमान व दाबाला सुमारे २० मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो, आणि हे द्रावण साधारण ६ टक्क्यांचे असते. बाटली नवी, सील न तोडलेली घ्यावी, कारण उघडलेल्या बाटलीतील पेरॉक्साइड हळूहळू आपोआप विघटित होत राहते. हे द्रावण त्वचेवर पडल्यास चुरचुरते आणि डाग पांढरा पडतो. डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालावेत. प्रयोगशाळेत मिळणारे ३० टक्क्यांचे, म्हणजे १०० व्हॉल्यूमचे द्रावण विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नये. प्रयोग चालू असताना जवळ ज्योत नसावी आणि पेरॉक्साइड व रस यांचे मिश्रण बंद बाटलीत कधीही ठेवू नये.

आता मांडणीचा गाभा. प्रत्येक फ्लास्कमध्ये एकूण द्रव ३० मिलिलिटरच असला पाहिजे: ५ मिलिलिटर रस, पीएच ७ असलेले ५ मिलिलिटर फॉस्फेट बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), आणि उरलेले २० मिलिलिटर पेरॉक्साइड व पाणी मिळून. आठ फ्लास्कमध्ये पेरॉक्साइड अनुक्रमे ०, १, २, ४, ६, १०, १५ आणि २० मिलिलिटर घ्यावे व पाण्याने २० ची भर पूर्ण करावी. रस मिसळल्यानंतरची संहती अनुक्रमे ०, ०.२, ०.४, ०.८, १.२, २, ३ आणि ४ टक्के होते. आलेखावर हेच आकडे मांडायचे असतात. बाटलीवरचा ६ टक्के हा आकडा किंवा रस घालण्यापूर्वीची संहती मांडणे ही नेहमीची चूक आहे. बफर वगळू नये, कारण दुकानातील पेरॉक्साइड टिकावे म्हणून ते आम्लधर्मी ठेवलेले असते, आणि बफर नसेल तर संहतीबरोबर आम्लताही वाढत जाऊन दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात. संहतीचे टप्पे समान अंतराचे नाहीत हेही हेतुपुरस्सर आहे: रेषा जेथे वेगाने वळते तेथे अधिक बिंदू हवेत.

वायू मोजणे

फ्लास्कला दोन भोकांचे घट्ट रबरी बूच बसवावे. एका भोकातून वायुवाहक नळी काढून तिचे टोक पाण्याच्या परातीत उलट्या ठेवलेल्या, पाण्याने भरलेल्या मोजपात्राखाली न्यावे. दुसऱ्या भोकात ५ मिलिलिटर रस भरलेली सिरिंज बसवावी. फ्लास्क स्वतः दुसऱ्या परातीतील पाण्यात उभा ठेवावा, कारण ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते आणि दाट द्रावण तापू लागते. रसाचे बर्फातील भांडे बाहेर काढून सिरिंज भरल्यावर ती दोन मिनिटे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. डिसेंबरातील सकाळ आणि एप्रिलमधील दुपार यांच्या तापमानात आपल्याकडे मोठा फरक असतो, म्हणून सर्व फ्लास्क एकाच बैठकीत करावेत आणि परातीतील पाण्याचे तापमान नोंदवून ठेवावे.

सिरिंज दाबताच घड्याळ सुरू करावे, फ्लास्क सतत एकाच संथ गतीने गोल हलवत राहावा आणि दर १० सेकंदांनी मोजपात्रातील वायूचे आकारमान एक मिनिटभर लिहावे. हलवणे थांबले की ऑक्सिजन द्रवातच अडकून राहतो आणि वेग खोटा कमी दिसतो. पहिला फ्लास्क शून्य पेरॉक्साइडचा करावा. त्यात अभिक्रिया होणारच नाही, तरीही मोजपात्रात सुमारे ५ मिलिलिटर वायू जमा होईल, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच की नुसत्या पाण्यातून ऑक्सिजन कसा आला. ती हवा आहे: सिरिंजमधून ५ मिलिलिटर रस आत गेला, तेवढीच हवा बाहेर ढकलली गेली. प्रत्येक वाचनातून हे आकारमान वजा करावे. याशिवाय ५ मिलिलिटर रस उकळून, थंड करून, २ टक्क्यांच्या फ्लास्कमध्ये वापरून पाहावा. वायू जवळजवळ निघाला नाही, तर काम विकरच करत होते याची खात्री पटते.

मुख्य वाचनांपूर्वी रसाची ताकद जुळवून घेणे ही पायरी मी कधीही गाळू देत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने येथे हवेचा दाब ९२ ते ९३ किलोपास्कलच्या आसपास असतो, आणि २५ अंश सेल्सिअसला १ मिलिलिटर पेरॉक्साइडपासून २० ऐवजी साधारण २४ मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो. म्हणजे ०.२ टक्क्यांच्या फ्लास्कमधून अभिक्रिया पूर्ण झाली तरी २४ मिलिलिटरच वायू निघणार. पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यातील दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे सुमारे अडीच मिलिलिटरपेक्षा अधिक वायू निघत असेल, तर रस थंड पाण्याने पातळ करावा. फारच कमी निघत असेल, तर पुढचा रस कमी पाण्यात काढावा. एवढ्या लहान आकारमानासाठी १० मिलिलिटरचे मोजपात्र पुरणार नाही, कारण त्यातील ५ मिलिलिटर जागा सिरिंजची हवाच घेते. म्हणून २५ मिलिलिटरचे घ्यावे, आणि दाट द्रावणांसाठी १०० मिलिलिटरचे.

दहाव्या हिश्शाचा हा आग्रह कशासाठी, ते नीट समजून घ्यावे. आपण वेग मोजत असताना सबस्ट्रेट संपत चाललेला असतो. पाच मिनिटांचा एकूण वायू घेऊन त्याला पाचने भागले, तर विरळ फ्लास्कमधील सबस्ट्रेट तोवर निम्म्याहून अधिक संपलेला असतो, आणि ज्या संहतीचा वेग म्हणून आपण तो आकडा लिहितो ती संहती त्या पाच मिनिटांत बहुतांश वेळ फ्लास्कमध्ये नसतेच. म्हणून आरंभीचा वेग घ्यायचा. प्रत्येक फ्लास्कसाठी वेळ आणि वायू यांचा स्वतंत्र आलेख काढावा, त्याच्या सुरुवातीच्या सरळ भागाचा चढ मोजावा आणि तो मिलिलिटर प्रति मिनिट या स्वरूपात लिहावा. पहिल्या १० सेकंदांत फेस धरण्यामुळे रेषा किंचित मागे राहिली, तर तो भाग सोडून त्यापुढचा सरळ भाग घ्यावा. प्रत्येक संहती तीन वेळा करून सरासरी काढावी, आणि फ्लास्कचा क्रम चढता न ठेवता मिसळलेला ठेवावा, म्हणजे रसाची ताकद काळानुसार थोडी घटली तरी तिचा परिणाम एकाच टोकाला साचत नाही.

आकड्यांतून काय वाचावे

आकडेमोड स्पष्ट व्हावी म्हणून सूत्रातून काढलेले एक उदाहरण घेऊ. समजा, कमाल वेग २४ मिलिलिटर प्रति मिनिट आणि केएम ०.८ टक्के आहे. तर ०.२, ०.४, ०.८, १.२, २, ३ आणि ४ टक्के संहतींना वेग अनुक्रमे ४.८, ८, १२, १४.४, १७.१, १८.९ आणि २० येतील. संहती ०.२ वरून दुप्पट केली तेव्हा वेग ४.८ वरून ८ झाला, आणि २ वरून दुप्पट केली तेव्हा १७.१ वरून केवळ २० झाला. रेषेच्या वळणाचा सगळा अर्थ या दोन उड्यांच्या फरकात आहे.

पण येथेच सर्वांत मोठी फसगत होते. आलेखावर शेवटचे बिंदू पाहिले की डोळ्यांना रेषा २० वर आडवी झाल्यासारखी वाटते, आणि विद्यार्थी कमाल वेग २० धरून त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १० वर, केएम वाचतो. ते उत्तर ०.५७ टक्के येते, खरे उत्तर मात्र ०.८ आहे. संहती केएमच्या पाचपट असतानाही वेग कमाल वेगाच्या ८३ टक्केच असतो. कमाल वेग ही गाठली जाणारी पायरी नसून ज्याच्या जवळ जात राहायचे अशी मर्यादा आहे. म्हणून नजरेने आडवी रेषा मारू नये. १९३४ मध्ये लाइनविव्हर आणि बर्क यांनी सुचवलेल्या पद्धतीत संहती आणि वेग या दोहोंचे व्यस्तांक घेऊन आलेख काढतात, म्हणजे तो सरळ रेषेत येतो. पुस्तकांत हीच पद्धत असते. मी स्वतः मात्र विद्यार्थ्यांना दुसरी पद्धत वापरायला सांगतो: उभ्या अक्षावर संहती भागिले वेग, आणि आडव्या अक्षावर संहती. व्यस्तांकाच्या आलेखात सर्वांत विरळ द्रावणाचा बिंदू सर्वांत दूर जाऊन पडतो आणि संपूर्ण रेषा स्वतःकडे ओढतो, आणि नेमके त्याच द्रावणाचे वाचन सर्वांत चुकीचे असण्याचा संभव असतो. दुसऱ्या पद्धतीत रेषेचा चढ म्हणजे कमाल वेगाचा व्यस्तांक, आणि रेषा डावीकडे वाढवल्यावर आडव्या अक्षाला ती जेथे छेदते तेथे उणे केएम मिळतो. वरच्या आकड्यांनी हे पडताळून पाहावे. छेद उणे ०.८ वरच येतो.

कॅटालेजच्या बाबतीत एक सूचना प्रामाणिकपणे द्यावी लागते. दाट पेरॉक्साइड या विकराला इजा करते, त्यामुळे ३ किंवा ४ टक्क्यांना वेग आडवा राहण्याऐवजी उतरलेला दिसू शकतो, किंवा मिनिटभरातच वेळ-वायूचा आलेख वाकू लागतो. असे बिंदू खोडू नयेत आणि पुस्तकातील रेषेत बसवण्यासाठी वर सरकवूही नयेत. ते आलेखावर दाखवावेत, कारण लिहावे, आणि केएम काढताना त्यांच्या आधीचेच बिंदू घ्यावेत. शिवाय कॅटालेज पेरॉक्साइडच्या दोन रेणूंवर दोन टप्प्यांत काम करते, म्हणून येथे मिळणाऱ्या केएमला ‘आभासी केएम’ म्हणणेच योग्य.

ज्या शाळेत बूच-नळीची सोय नाही तेथे गाळणकागदाला पंचिंग मशीनने भोके पाडून पडलेल्या चकत्या वापराव्यात. चकती रसात बुडवून, निथळून, चिमट्याने परीक्षानळीतील पेरॉक्साइडच्या तळाशी सोडावी. ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटून ती वर येण्यास लागलेल्या सेकंदांचा व्यस्तांक हा वेगाचा निर्देशक होतो. येथे संहतीचे टप्पे साध्या पाण्याने पातळ करून मिळतात. या पद्धतीत केएम काढण्याचा हट्ट धरू नये. वळण दिसते, एवढे पुरे.

वेळ आणि रस शिल्लक असेल, तर संपूर्ण मालिका पुन्हा एकदा निम्म्या विकरावर करावी: ५ मिलिलिटर रसाऐवजी अडीच मिलिलिटर रस आणि अडीच मिलिलिटर पाणी, बाकी सर्व तसेच. दोन्ही वक्ररेषा एकाच आलेख कागदावर, वेगवेगळ्या रंगांत काढाव्यात. आपल्या उदाहरणात कमाल वेग २४ वरून १२ वर येईल, प्रत्येक बिंदू निम्म्या उंचीवर उतरेल, आणि तरीही दोन्ही रेषांच्या अर्ध्या उंचीवरून खाली टाकलेले लंब आडव्या अक्षावर ०.८ याच ठिकाणी येऊन मिळतील.